विशेष गरजा असलेल्या मुलाचा ताबा: दोन घरे की एक घर?

परस्पर संमतीने विभक्त होताना सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा नसणे) असलेल्या मुलाची व्यवस्था संमतीच्या अटींत, म्हणजे न्यायालयात द्यायच्या लेखी समझोत्यात, कशी लिहावी, असा प्रश्न ज्यांच्यासमोर आहे त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. आम्ही दोन्ही पद्धती अनुभवल्या. पहिले दीड वर्ष मुलगा एक आठवडा आईकडे आणि एक आठवडा माझ्याकडे असे. आता तो आईकडेच राहतो आणि मी रोज तिथे जातो.

दोन घरांची बाजू मुळीच लंगडी नाही. जो पालक स्वतः आंघोळ घालतो, भरवतो आणि रात्री उठून कूस बदलून देतो, त्यालाच अशा मुलाचे दुखणे-खुपणे न सांगता कळते. शिवाय ही शुश्रूषा एकाच माणसाने वर्षानुवर्षे करणे फार कठीण असते, आणि आठवडाभराची विसावा घेण्याची मुभा ही लहान गोष्ट नव्हे. कुटुंब न्यायालयातील समुपदेशकांना ही वाटणी रास्त वाटली होती. मलाही वाटली होती.

माझे मत बदलले ते दर रविवारच्या संध्याकाळमुळे. मुलाच्या मापाने करून घेतलेली सी.पी. चेअर, म्हणजे सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठीची मान-पाठ सावरणारी खुर्ची, एकच होती, आणि मान नीट टेकलेली नसेल तर त्याला घासागणिक ठसका लागतो. त्यामुळे ती खुर्ची, पायांना आधार देणारे स्प्लिंट आणि फिटच्या औषधांची पिशवी दर आठवड्याला त्याच्याबरोबर या घरातून त्या घरात जाई. खुर्ची दुसरी करून घेता आली असती. पण जागा बदलली की पहिल्या दोन रात्री त्याचे अंग ताठर होई, झोप लागत नसे, आणि झोप कमी झाली की फिट येण्याची भीती वाढे. त्यावर आम्हाला उपाय सापडला नाही. एकदा डॉक्टरांनी आठवड्याच्या मध्येच औषधाची मात्रा वाढवली आणि तो कागद माझ्या टेबलावरच राहिला. आईने दोन दिवस जुनीच मात्रा दिली आणि तिसऱ्या पहाटे त्याला फिट आली. त्यानंतर आम्ही याद्या केल्या, वही ठेवली, तरी प्रत्येक रविवारी काहीतरी सुटेच. हा एका मुलाचा अनुभव आहे; ज्याला प्रवास आणि नवी जागा सहज मानवते, त्याच्या बाबतीत कदाचित वेगळे घडेल.

एका घराच्या व्यवस्थेत अवघडलेपण मोठ्यांच्या वाट्याला येते. ज्या घरात आपण राहत नाही, तिथल्या स्वयंपाकघरात उभे राहून मुलाचे जेवण मिक्सरमधून काढणे मला सुरुवातीला फार जड गेले. शनिवारी रात्री मी तिथेच थांबतो आणि त्याची आई बहिणीकडे जाते, म्हणजे विसावा तिलाही मिळतो. जिथे मारहाण किंवा धाक होता, तिथे मात्र ही पद्धत सुचवण्याचे धाडस मी करणार नाही. तिथे भेटी तटस्थ जागीच व्हाव्यात.

पहिल्याच अटींत चूक झाली तर काय, ही भीती बाळगू नये. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 26 खालील मुलाच्या ताब्याचा आदेश अर्ज करून बदलून घेता येतो. आमचा तसाच बदलला. उपचारांचा निर्णय कोण घेणार आणि तो दुसऱ्या पालकाला त्याच दिवशी कसा कळवणार, हे मात्र स्पष्ट लिहून घ्यावे.

ताब्याचा आदेश अठराव्या वर्षापर्यंतच चालतो. अपंगत्वामुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या सज्ञान अपत्याची पोटगी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली पुढेही मागता येते, पण सज्ञान झाल्यावर त्याचे कायदेशीर पालक म्हणून नेमले जाण्यासाठी राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 प्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे वेगळा अर्ज करावा लागतो. आमचा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. त्या अर्जाची कागदपत्रे आम्ही दोघांनी आतापासून गोळा करायला घेतली आहेत, आणि त्यांवर त्याचा पत्ता आईच्या घराचा आहे.