‘ड्राइव्हट्रेन सगळी नवीन’ म्हणून झिजलेली सायकल गळ्यात मारली, जुनी सायकल घेणाऱ्यांनी हे वाचा

जुनी स्टीलची रोड सायकल, "पूर्ण रिस्टोअर, ड्राइव्हट्रेन सगळी नवीन, घ्या आणि चालवा" असं लिहून एकाने मला विकली. ड्राइव्हट्रेन म्हणजे चेन आणि ती ज्यांवर फिरते त्या पुढच्या-मागच्या दातेरी चकत्या. त्यात नवीन होती फक्त चेन. बाकीचं सगळं झिजलेलं आणि ते मुद्दाम लपवलेलं. मुद्दाम म्हणतोय कारण पुढे जे सापडलं ते चुकून होत नाही.

सपाट रस्त्यावर सायकल मस्त चालायची, आवाज नाही काही नाही. पण चढावर उभं राहून जोर दिला की खट्‌कन चेन सटकायची, पाय एकदम खाली आणि छाती हँडलबारवर. मागून गाडी येत असताना असं झालं तर माणूस सरळ चाकाखाली जाईल, त्यामुळे पैशांपेक्षा याचाच राग जास्त आहे. विक्रेत्याला विचारलं तर आधी म्हणाला नवीन चेन आहे, सेट व्हायला वेळ लागतो, मग म्हणाला डिरेलरची (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) केबल सैल झाली असेल. दोन्ही थापा. केबलचा प्रॉब्लेम असेल तर चेन दोन गिअरच्या मध्ये करकरते, जोर असो वा नसो, आणि बॅरल अ‍ॅडजस्टर (केबलचा ताण कमीजास्त करणारा स्क्रू) थोडा फिरवला की लगेच फरक कळतो. दात झिजले असतील तर हलकं पॅडल मारताना काहीच कळत नाही, जोर आला की चेन दातावर चढते आणि उडी मारते, आणि तेही ठराविक स्प्रॉकेटवरच (मागच्या चाकाच्या दातेरी चकत्या), आधीच्या मालकाने जे जास्त वापरले त्यांच्यावर. माझ्या सायकलला मधल्या दोनांवर सटकत होती, सगळ्यात मोठ्यावर अजिबात नाही.

यात मेख काय आहे बघा. चेनच्या एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंत अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी अंतर असतं. चालवून चालवून पिना आणि त्यांच्याभोवतीचे सांधे घासतात, हे अंतर वाढत जातं आणि ती लांबलेली चेन दातांनाही आपल्या मापाचं करून घेते. म्हणून जुनी चेन जुन्या दातांवर बिनबोभाट चालते, आणि त्याच दातांवर नवी चेन टाकली की सटकायला लागते. मला घेण्याआधी त्याने चेन चेकर (चेन किती लांबली ते मोजायची पट्टी) लावलेला फोटो पाठवला होता, झीज शून्य. फोटो खरा होता! चेकर चेन मोजतो, दात मोजत नाही. पिन ते पिन अशा २४ अंतरांची लांबी नव्या चेनमध्ये ३०४.८ मिमी असते, ती दीड मिमीने वाढली की ०.५ टक्के झीज, ११-१२ स्पीडची (मागे ११-१२ स्प्रॉकेट असलेल्या सायकलची) चेन तिथेच बदलायची, त्याच्या खालच्या स्पीडला साधारण ०.७५ टक्क्यांपर्यंत चालतं. पण कालच टाकलेल्या चेनवर हे सगळं मोजून काय कळणार?

शेवटी मागचं चाक काढून फ्रीव्हील (मागच्या स्प्रॉकेटचा संच) डिग्रीझरने धुतलं. वर ग्रीसचा जाड थर फासलेला, तो निघाला आणि खालून मधल्या स्प्रॉकेटच्या दातांवर बारीक तिरक्या रेघा दिसल्या, चकचकीत, एकाच दिशेच्या. कानशीच्या! झिजून आकड्यासारखी वळलेली टोकं कानशीने घासून सरळ केली होती आणि त्यावर ग्रीस. टोक घासलं तरी दोन दातांमधली खाच लपत नाही, नव्या स्प्रॉकेटला ती गोल आणि दोन्हीकडे सारखी असते, इथे एका बाजूला पसरट झालेली आणि नख फिरवलं तर कडेला धार लागत होती. पॅडलजवळची पुढची दातेरी चकती म्हणजे चेनरिंग, तीही तसलीच. एकच रिंग आहे, ती उलटी बसवलेली, दातांचा छापलेला आकडा आतल्या बाजूला आणि वरून काळा स्प्रे. चेनरिंग उलटी करून आणखी काही दिवस वापरणं यात गैर काही नाही, बरेच जण करतात, पण ती ‘नवीन’ म्हणून विकायची म्हणजे शुद्ध फसवणूक आहे.

चेनबद्दलही खोटंच. "११ स्पीडची प्रीमियम चेन" लिहिलं होतं, कॅलिपर लावला तर बाहेरून ७.१ मिमी, म्हणजे साधी ८ स्पीडची. ११ स्पीडची चेन साडेपाच मिमीच्या आसपास असते. ६ स्पीड फ्रीव्हीलला ही ८ स्पीडचीच चेन योग्य आहे (६, ७, ८ ला एकच चालते), ११ ची इथे नकोच होती, पण पैसे त्या नावाने घेतले ना.

मग शंका आली म्हणून फ्रेमकडे वळलो. सीट ट्यूबवर (सीटखालची उभी नळी) रेनॉल्ड्स ५३१ चं स्टिकर, नवंकोरं. ५३१ ही १९३५ मध्ये आलेली मँगनीज-मॉलिब्डेनम स्टीलची ट्यूब, जुन्या सायकलवाले तिच्यासाठी जादा पैसे मोजतात. बटेड (टोकाला जाड, मध्ये पातळ नळ्यांच्या) ५३१ फ्रेमला सीटपोस्ट (सीटचा दांडा) बहुतेक वेळा २७.२ मिमीचा लागतो, माझा निघाला २५.४. नुसत्या मापावरून छातीठोक सांगता येत नाही, साधी (सगळीकडे सारख्या जाडीची) ५३१ ट्यूब असेल तर माप कमी येतं, म्हणून सीटपोस्ट काढून आत बोट घातलं आणि उभी वेल्डची शिवण बोटाला लागली. ५३१ सीमलेस असते, तिला शिवण नसतेच. विषय संपला.

पुरावे पाठवले तर म्हणाला स्टिकर आधीच्या मालकाचं असेल, आणि नंतर उत्तर देणंच बंद. जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि मेसेज ठेवलेत, तक्रार केली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. फ्रीव्हील आणि चेनरिंग स्वतः बदलली, चेन तीच ठेवली आणि सटकणं थांबलं. स्टिकर खरवडून काढलं, उद्या ही सायकल कोणाकडे गेली तर तो तरी फसू नये.

त्या माणसाच्या आणखी सायकली विक्रीला दिसतायत, वाक्य तेच "ड्राइव्हट्रेन सगळी नवीन", आणि फोटो सगळे डाव्या बाजूने काढलेले, जिथून चेन, गिअर काहीच दिसत नाही. घेणार असाल तर आधी उजव्या बाजूचा फोटो मागा, स्प्रॉकेट धुतलेले असताना जवळून काढलेला, आणि प्रत्येक गिअरवर चढावर जोर देऊन चालवून बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.