पोलिसांसाठी हेलिकॉप्टर की ड्रोन? हिअरिंगला जायच्या आधी एवढं वाचून जा

दक्षिण कॅलिफोर्नियात राहत असाल, तुमच्या सिटी कौन्सिलच्या अजेंड्यावर पोलिसांच्या हेलिकॉप्टरचा नाहीतर ड्रोनचा विषय आला असेल आणि तिथे उभं राहून दोन मिनिटं बोलायचं मनात असेल, तर आधी लॉस एंजेलिसचं काय चाललंय ते बघा. तिथे पोलिसांची हेलिकॉप्टरं १९५६ पासून उडतायत, आणि मुख्य म्हणजे त्यांचा हिशोब सगळ्यांसमोर आलाय.

एलएपीडीकडे, म्हणजे लॉस एंजेलिसच्या पोलिसांकडे, १७ हेलिकॉप्टरं आहेत. डाउनटाउनजवळ पायपर टेक नावाची सिटीची बिल्डिंग आहे, तिच्या गच्चीवर त्यांचा तळ, आणि दिवसाचे बहुतेक तास दोन तरी हवेत असतातच. आत दोघं बसतात, एक पायलट आणि दुसरा ऑफिसर जो उडवत नाही, तो फक्त खाली बघतो, कॅमेरा फिरवतो, सर्चलाइट मारतो आणि रेडिओवरून खालच्या गाड्या हलवतो. खरं काम या दुसऱ्याचंच. कुणी गाडी सोडून लोकांच्या बॅकयार्डमधून कुंपणं ओलांडत पळायला लागला की हा वरून सांगणार, तू या कोपऱ्यावर थांब, तू मागच्या गल्लीच्या तोंडाशी जा, आणि बघता बघता अख्खा ब्लॉक चारी बाजूंनी बंद. पोलिसांच्या गाड्यांच्या टपावर मोठे नंबर रंगवलेले असतात ते याचसाठी, वरून कोण कुठे आहे ते कळायला. रात्री थर्मल कॅमेरा असतोच, झुडपात दडलेला माणूस त्यात अंगाच्या उष्णतेमुळे उठून दिसतो.

पण मला विचाराल तर हेलिकॉप्टरचा सगळ्यात मोठा फायदा कार चेसमध्ये आहे. ते डोक्यावर आलं की खालच्या गाड्या मागे राहू शकतात, पळणाऱ्याला मागे कुणी दिसत नाही म्हणून तोही जरा हळू होतो, आणि सिग्नलला उभ्या असलेल्या तुमच्याआमच्यासारख्याचा जीव वाचतो. ड्रोनला हे आज तरी झेपत नाही, कारण गाडी एकदा फ्रीवेला लागली की बॅटरी आणि रेंज दोन्ही अपुरी पडतात. शिवाय हेलिकॉप्टर माणसं उतरवू शकतं. २८ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत नरिमन हाउसच्या गच्चीवर एनएसजीचे कमांडो हवाई दलाच्या हेलिकॉप्टरमधून दोरावरून उतरले ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. तसले प्रसंग क्वचित येतात हे मान्य, पण ड्रोन तिथे फक्त चित्र दाखवणार.

आता खर्च. डिसेंबर २०२३ मध्ये एलएच्या सिटी कंट्रोलरने, म्हणजे शहराच्या निवडून आलेल्या हिशोब तपासनीसाने, या हेलिकॉप्टरांचं ऑडिट काढलं. वर्षाला साधारण ४ कोटी ६६ लाख डॉलर, साधारण १६,००० तास उड्डाण, म्हणजे तासाला २,९१६ डॉलर. एवढंच असतं तर मी म्हटलं असतं मोठं शहर आहे, लागतात पैसे. पण त्यातला ६१ टक्के वेळ गंभीर गुन्ह्यांवर गेलेलाच नव्हता, त्यात नुसती गस्त होती, माणसांची ने-आण होती, समारंभात वरून एक फेरी मारणं होतं. आणि या गस्तीमुळे गुन्हे कमी होतात का, याचा पटण्यासारखा पुरावा ऑडिटरला सापडला नाही. पोलिस म्हणतात आम्ही वर दिसलो की चोर घाबरतात, असेलही, पण मग इतक्या वर्षांत स्वतःच एकदा नीट मोजून का नाही दाखवलं?

आवाजाचा त्रास वेगळाच. हेलिकॉप्टर सगळ्या वस्त्यांवर सारखं फिरत नाही, ठरावीक भागांवर जास्त घिरट्या घालतं, आणि तिथल्या लोकांनी रात्री दोनला खिडक्यांची तावदानं हलणं आयुष्यभर ऐकलेलं असतं. धोकाही आहेच. २९ नोव्हेंबर २०१३ ला ग्लासगोत पोलिसांचं हेलिकॉप्टर इंधनाचे पंप बंद राहिल्यामुळे एका पबच्या छतावर कोसळलं, दहा जण गेले, त्यातले सात पबमधले. अगदी जवळचं म्हणाल तर फेब्रुवारी २०२२ मध्ये हंटिंग्टन बीच पोलिसांचं हेलिकॉप्टर न्यूपोर्टच्या पाण्यात पडलं, एक ऑफिसर गेला.

ड्रोनसाठी बघायचं ते चुला व्हिस्टा, सॅन डिएगोच्या खालचं, बॉर्डरजवळचं शहर. ऑक्टोबर २०१८ पासून तिथे ९११ चा कॉल आला की गच्चीवरून ड्रोन सुटतो, गाडीच्या आधी पोचतो आणि खाली काय चाललंय ते ऑफिसर वाटेतच फोनवर बघतो. रस्त्यात माणूस बंदूक घेऊन उभाय असा कॉल येतो आणि वरून दिसतं की हातात लायटर आहे, असला फरक केवढा मोठा ते वेगळं सांगायला नको. हजारो कॉल्सना तर गाडी पाठवायची गरजच पडली नाही. एका हेलिकॉप्टरच्या किमतीत ड्रोनचा ताफा येतो, आवाज त्यामानाने काहीच नाही, पडला तरी आत माणूस नाही. न्यूयॉर्कनेही नोव्हेंबर २०२४ पासून हेच सुरू केलंय.

मग सरळ ड्रोनच घ्या म्हणायचं? थांबा. एक तर अर्ध्यापाऊण तासात बॅटरी संपते, जोराच्या वाऱ्यात अडचण, आणि विमानतळ जवळ असेल तर एफएएची, म्हणजे विमानवाहतुकीवर नियंत्रण ठेवणाऱ्या फेडरल खात्याची, परवानगी काढत बसा. दुसरं म्हणजे स्वस्त आहे म्हणूनच तो ऊठसूट उडतो. हेलिकॉप्टरच्या तासाला तीन हजार डॉलर जातात म्हणून निदान कुणीतरी विचारतं तरी की कशाला उडवलंत, ड्रोन शेजारच्यांच्या मोठ्या म्युझिकच्या तक्रारीलाही पाठवता येतो आणि जाता-येता पन्नास घरांच्या परसावरून कॅमेरा चालू ठेवून जातो. त्या व्हिडिओचं पुढे काय होतं हा प्रश्न चुला व्हिस्टातच कोर्टात गेला आणि २०२३ च्या शेवटी अपील कोर्टाने सांगितलं की सगळे व्हिडिओ सरसकट लपवता येणार नाहीत.

तिसरा प्रकार विमानाचा, त्यावर फार वेळ घालवू नका. बाल्टिमोरने २०२० मध्ये सहा महिने छोटी विमानं उडवून शहराच्या मोठ्या भागाचे सलग फोटो काढले, कुणाची गाडी कुठून कुठे गेली ते मागे जाऊन बघता यावं म्हणून. २०२१ मध्ये फेडरल अपील कोर्टाने ते घटनेविरुद्ध ठरवलं. कुणी कंपनीवाला असलं काही विकायला आला तर ही केस दाखवा, बास.

माझं मत असं, की एलएएवढं शहर असेल तर हेलिकॉप्टर लागणारच, पण नुसती गस्त बंद करून कॉल आला तरच उडवायचं, म्हणजे निम्म्यात भागेल. लाख-दीड लाख वस्तीच्या शहराने स्वतःचं हेलिकॉप्टर घेऊच नये, ड्रोन घ्यावेत आणि चेस किंवा मोठा शोध असेल तेव्हा काउंटीला बोलवावं. सेरिटोस, आर्टीशिया, डायमंड बार इथे राहणाऱ्यांना तर पोलिसच शेरीफचे, म्हणजे काउंटीचे, त्यामुळे लाँग बीचहून उडणारी शेरीफची हेलिकॉप्टरं मिळतातच, तुमचा प्रश्न फक्त ड्रोनचा. शेजारच्या शहराबरोबर भागीदारी करू असं कुणी म्हणालं तर कोस्टा मेसा आणि न्यूपोर्टचं आठवा, दोघांनी मिळून चालवलेलं युनिट २०११ मध्ये पैशापायी बंद झालं.

हिअरिंगला हो-नाही म्हणायच्या आधी तीन गोष्टी विचारा, कुठल्या प्रकारच्या कॉलला उडवणार, प्रत्येक उड्डाणाची नोंद वेबसाइटवर टाकणार का, आणि ज्यात काही निघालं नाही तो व्हिडिओ किती दिवसांत पुसणार. उत्तर लेखी मागा, मीटिंगमध्ये तोंडी हो म्हणणं सोपं असतं. आणि बोलायचं असेल तर स्पीकर कार्ड, म्हणजे बोलायचंय म्हणून नाव लिहून द्यायची चिठ्ठी, विषय पुकारायच्या आधीच क्लार्ककडे देऊन ठेवा.