हजार यार्डांसाठी कुठलं काडतूस घ्यावं? तीन वर्षं ६.५ क्रीडमोर वापरल्यावरचं माझं मत

इथे कोलोराडोत आपली मराठी मंडळी बरीच आहेत, आणि गेल्या वर्षभरात चार-पाच जणांनी मला एकच प्रश्न विचारलाय की लांब पल्ल्याची नेमबाजी करायचीय, शिकार नाही, स्पर्धा नाही, महिन्यातून एखाद्या शनिवारची हौस आहे, तर रायफल कुठल्या काडतुसाची घेऊ? दर वेळी फोनवर तासभर जातो म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. माझं उत्तर ६.५ क्रीडमोर आहे, तीन वर्षं आणि साधारण १४०० गोळ्या झाडून दिलेलं.

त्याआधी एक गोष्ट, कारण हे विचारणाऱ्यांपैकी दोघं एचवनबीवर होते. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असताना फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत, शिकारीचं वैध लायसन्स असे मोजके अपवाद आहेत पण त्यातल्या बारकाव्यांसाठी वकिलाला विचारा, मित्रांच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका. मी ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत थांबलो होतो आणि त्या थांबण्याचा मला जराही पश्चात्ताप नाही.

मी पहिली रायफल घेतली ती थ्री हंड्रेड विन मॅग या दणकट, जास्त ताकदीच्या काडतुसाची. दुकानातला माणूस म्हणाला लांब मारायचंय ना, मग ताकद पाहिजे, आणि मला ते पटलं कारण ऐकायला ते बरोबरच वाटतं. पहिल्याच दिवशी पंधराव्या-सोळाव्या गोळीनंतर खांदा ठणकायला लागला, पण खरं नुकसान खांद्याचं झालंच नाही. दोन-तीन महिन्यांनी एका अनुभवी मित्राने माझ्या हातात रायफल दिली, मला वाटलं भरलेली आहे, त्याने आत काडतूस घातलंच नव्हतं. मी चाप दाबला, फक्त खटका पडला आणि नळीचं टोक चांगलं इंचभर खाली गेलं, माझे डोळेही मिटलेले. म्हणजे धक्का बसायच्या आधीच माझं शरीर धक्क्याची तयारी करत होतं. ही सवय एकदा लागली की सुटायला फार वेळ जातो, मला जवळपास वर्ष लागलं. थ्री हंड्रेडचा रिकॉइल, म्हणजे खांद्याला मागे बसणारा धक्का, क्रीडमोरच्या साधारण दुप्पट असतो, आणि नव्या माणसाला तो कुणीही विकू नये असं माझं अगदी मनापासून म्हणणं आहे.

आमचं लक्ष्य म्हणजे लोखंडी पाटी, तिला फक्त गोळी लागायची असते हो, तिला पाडायचं नसतं. त्यामुळे ताकद हा मुद्दाच बाजूला ठेवा आणि वाऱ्याकडे बघा. गोळी किती खाली येणार हे फोनवरचं ॲप सांगतं, अंतर आणि वेग माहिती असला की तो हिशोब जवळजवळ चुकत नाही. वारा मात्र तुम्हालाच वाचावा लागतो, आणि तो वाचताना तुम्ही चुकणारच, मी चुकतो, वीस वर्षं मारणारेही चुकतात. म्हणून असं काडतूस हवं की जे आपली चूक कमी महाग करेल. समुद्रसपाटीच्या हवेत ताशी १० मैलांचा आडवा वारा असेल तर १४० ग्रेनची ६.५ क्रीडमोरची मॅच (स्पर्धेच्या दर्जाची) गोळी हजार यार्डांवर साधारण सहा फूट सरकते, थ्री-ओ-एट (.३०८) या जुन्या, सगळीकडे मिळणाऱ्या काडतुसाची १६८ किंवा १७५ ग्रेनची गोळी आठ ते नऊ फूट. म्हणजे वाऱ्याचा अंदाज तितकाच चुकला तरी थ्री-ओ-एटमध्ये गोळी पाटीच्या बाहेर आणि क्रीडमोरमध्ये पाटीच्या कडेला, असं खूपदा होतं. (ग्रेन म्हणजे बारुदाचं नाही, गोळीचं वजन बरं का, १४० ग्रेन म्हणजे जेमतेम नऊ ग्रॅम.)

हे जमतं कसं, तर ६.५ मिलिमीटरच्या गोळ्या लांब आणि सडपातळ असतात, हवा कापत जातात, वेग टिकवतात. हॉर्नडी कंपनीत डेव्ह एमरी आणि नेमबाज डेनिस डिमिल यांनी २००७ मध्ये हे काडतूस आणलं तेव्हा त्यांनी पितळी केस मुद्दाम आखूड ठेवली, जेणेकरून ही लांब गोळी बसवूनही काडतूस साध्या शॉर्ट ॲक्शन (आखूड यंत्रणेच्या) रायफलच्या मॅगझिनमध्ये मावेल. आणि दुकानातून डबा आणून सरळ स्पर्धेत वापरता यावा हा हेतू पहिल्यापासून होता, घरी काडतुसं भरत बसायची गरज नाही. माझ्यासारख्या नोकरी आणि दोन मुलं सांभाळणाऱ्या माणसाला हाच मुद्दा सगळ्यात मोठा आहे. क्रीडमोर हे नाव न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या जुन्या रेंजवरून आलंय, तिथे १८७४ मध्ये आयर्लंड आणि अमेरिकेच्या संघांनी ८००, ९०० आणि १००० यार्डांवर सामना खेळला होता. मला हे वाचून फार छान वाटलं, दीडशे वर्षांपूर्वीही माणसं हजार यार्डांवरच डोकं लढवत होती.

मी वापरतो ती हॉर्नडीची १४० ग्रेनची ईएलडी मॅच, लाल टोकाची. वीसचा डबा मला ३५ ते ४० डॉलरला पडतो. डब्यावर वेग सेकंदाला २७१० फूट लिहिलाय आणि माझ्या २४ इंची बॅरलमधून क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) २६९०च्या आसपास येतो, म्हणजे लिहिलंय ते बऱ्यापैकी खरं आहे. मध्यंतरी पैसे वाचवायला मी दुसरीच एक स्वस्त गोळी आणली होती, नाव सांगत नाही, शंभर यार्डांवर ती एकाच नाण्याखाली झाकतील अशी भोकं पाडायची आणि मी खुशीत होतो. मग क्रोनोग्राफ लावला तर दहा गोळ्यांत सगळ्यात हळू आणि सगळ्यात जोरात यांच्यात सेकंदाला ६० फुटांचा फरक. शंभर यार्डांवर हे दिसतच नाही, हजारावर मात्र तेवढ्याच फरकाने गोळी फूट-सव्वा फूट वरखाली होते आणि तुम्ही बसता आपला श्वास आणि आपला हात तपासत. तेव्हा रायफलवर दोनशे डॉलर कमी खर्च करा पण गोळी चांगली घ्या.

आता कुणी घेऊ नये ते सांगतो. घरात आधीच चांगली थ्री-ओ-एट असेल तर तीच वापरा. १९५२ चं काडतूस आहे, कुठल्याही गावच्या दुकानात मिळतं, बॅरल पाच हजार गोळ्या सहज टिकतं, आणि वाऱ्यात जास्त सरकते म्हणून वारा शिकवतेही जास्त. समुद्रसपाटीला हजार यार्डांच्या आसपास तिचा वेग आवाजाच्या वेगापर्यंत उतरतो आणि तिथे गोळी डळमळायला लागते, पण आमच्याकडे हवा विरळ असल्याने तो त्रास कमी. तुमच्या जवळची रेंज सहाशे यार्डांपर्यंतच असेल तर टू-ट्वेंटी-थ्री (.२२३) हे छोटं काडतूस घ्या, फक्त बॅरलचा ट्विस्ट, म्हणजे आतल्या खाचांचा पीळ, एकास आठ किंवा एकास सात (आठ किंवा सात इंचांत एक फेरा) बघा आणि ७५-७७ ग्रेनची जड गोळी वापरा, खर्च खूप कमी आणि खांद्याला काहीच कळत नाही. क्रीडमोरचं बॅरल मॅच दर्जाच्या नेमाला दोन ते तीन हजार गोळ्या टिकतं, हौशी माणसाला ती चार-पाच वर्षं झाली. पातळ बॅरलची हलकी शिकारी रायफल मात्र घेऊ नका, सात-आठ गोळ्यांत ती तापते आणि ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, पसरायला लागतो.

पॉइंट टू-टू (.२२, सगळ्यात छोट्या आणि स्वस्त काडतुसाची रायफल) सुद्धा घ्या, हे मी सगळ्यांना सांगतो आणि कुणी ऐकत नाही. मागच्या दिवाळीत कोल्हापूरला गेलो होतो, माझा भाचा तिथे ५० मीटरवर टू-टू मारतो, २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायचा प्रकार) ब्राँझ आणल्यापासून त्याच्या अंगात वारं भरलंय. त्याने मला त्यांचं टार्गेट दाखवलं, दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं. हॉटेलच्या बिलावर मी हिशोब केला, तेवढाच कोन हजार यार्डांवर नेला तर साडेसात इंच होतात. साडेसात इंच! आमच्याकडे हजार यार्डांवर पाटी दोन-अडीच फुटांची लावतात. त्या पोराकडे ना बायपॉड (रायफल टेकवायचे दोन पाय) ना दुर्बीण, खांद्याला पट्टा आणि डोळ्यासमोर पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून बघायची साधी नेमणी. तेव्हापासून मी दर क्रीडमोरच्या डब्यामागे टू-टूच्या शंभर गोळ्या दोनशे यार्डांवर मारतो, त्या अंतरावर ती हळू गोळी वाऱ्यात इतकी वाहते की सगळा अभ्यास स्वस्तात होतो.

शेवटी रॅटनबद्दल, कारण माझं मत तिथे पक्कं झालं. न्यू मेक्सिकोत रॅटन गावाजवळ व्हिटिंग्टन सेंटर म्हणून भलीमोठी रेंज आहे, डेन्व्हरहून आय-२५ ने साडेतीन तास. तिथे डोंगराच्या पायथ्याशी ११२३ यार्डांवर पांढऱ्या रंगाचा लोखंडी बायसन उभा आहे. मी चटईवर पालथा पडलो होतो, सकाळी दहाचा सुमार, स्कोपमधून गवतावरची हवा उजवीकडून डावीकडे पाण्यासारखी वाहताना दिसत होती. मला वारा पाच-साडेपाच मैल वाटला, एक मिल (स्कोपमधल्या खुणांवरचं कोनाचं माप) वाऱ्याच्या बाजूला धरला आणि चाप दाबला. मग वाट बघायची, गोळी पोचायला दीड-पावणेदोन सेकंद आणि आवाज परत यायला अजून तीन, मी मनात चार मोजले आणि पाचव्याला इयरमफमधून बारीकसा टण्ण आला. शेजारी स्पॉटिंग स्कोपवर बसलेल्या मित्राने सांगितलं, लागलीय पण मागच्या मांडीकडे, पांढऱ्या रंगावर करडा ठिपका दिसतोय, तुला मारायचं होतं त्या जागेपासून दीड-पावणेदोन फूट डावीकडे. म्हणजे वारा आठ मैल होता. मी दीड मिल धरला, दुसरी गोळी खांद्यावर, तिसरी तिच्या शेजारी. मुख्य म्हणजे ते तिन्ही वेळा पाटीवर काय झालं ते मला स्वतःला माझ्या स्कोपमधून दिसलं होतं, कारण रायफल इतकी कमी उडते की नजर लक्ष्यावरच राहते. थ्री हंड्रेडमध्ये मला फक्त आकाश दिसायचं.

बॅरलमध्ये अजून हजारभर गोळ्यांचा जीव आहे असं माझ्या बंदूक दुरुस्त करणाऱ्याने आत कॅमेरा घालून सांगितलंय. ते संपलं की याच रायफलला परत ६.५ क्रीडमोरचंच बॅरल बसवायचं, हे त्याला मी आत्ताच सांगून ठेवलंय.