गोडो 4 वर नरकासुराचा ॲक्शन गेम केला, इंजिनाबद्दल मनापासून

मी आणि धाकटा भाऊ, दोघंच. गोव्यात डिचोलीत घरीच बसून, नोकरी सांभाळून रात्रीचं काम करत दोन वर्षं लागली आणि आता आमचा गेम प्ले स्टोअरवर लागलाय. नरकचतुर्दशीच्या पहाटे गावातला नरकासुराचा पुतळा जळायच्या ऐवजी उठून चालायला लागतो आणि एक पोरगा त्याच्याशी भिडतो, एवढीच गोष्ट. सगळं गोडोमध्ये केलंय, म्हणजे गेम बनवायच्या एका सॉफ्टवेअरमध्ये, ज्याला इंजिन म्हणतात. सुरुवातीला कुणी मराठीत असं सविस्तर लिहिलेलं मिळालं नव्हतं म्हणून मीच लिहितोय.

आधी पैशाचं बोलतो. गोडो फुकट आहे, एमआयटी लायसन्स, उद्या गेम चालला तरी इंजिनवाल्यांना एक रुपया द्यायचा नाही. 2023 च्या सप्टेंबरात युनिटीने, म्हणजे दुसऱ्या एका मोठ्या इंजिनवाल्यांनी, इन्स्टॉलमागे फी जाहीर केली, पुढच्या वर्षी ती मागेही घेतली, पण आम्ही नेमके तेव्हाच इंजिन ठरवायला बसलो होतो त्यामुळे निर्णय पटकन झाला. एडिटर छोटा आहे, आमच्या जुन्या लॅपटॉपवर लगेच उघडतो. एक्सपोर्ट टेम्प्लेट, म्हणजे तयार गेम फोनसाठी बाहेर काढायला लागणाऱ्या फाइल, मात्र साधारण एक जीबीचे आहेत, पावसात नेट गेलं की ते डाउनलोड रात्रभर चालतं, तेवढी तयारी ठेवा.

पण खरं म्हणजे मला ज्यासाठी गोडो आवडलं ते म्हणजे मराठी अक्षरं. गोडो 3 मध्ये देवनागरीची जोडणीच होत नव्हती, ‘विजय’ लिहिलं की वेलांटी व च्या आधी यायच्या ऐवजी नंतर जाऊन बसायची आणि ‘शक्ती’मधला क पाय मोडून वेगळाच उभा. गोडो 4 मध्ये अक्षरं नीट जोडणारी हार्फबझ लायब्ररी आहे, त्यामुळे साध्या लेबलमध्ये मुक्ता फॉन्ट टाकला, मजकूर पेस्ट केला आणि जोडाक्षरं जशीच्या तशी आली, वेगळं काहीच करावं लागलं नाही. पहिल्या स्क्रीनवर ‘नरकासुर वध’ नीट उमटलेलं बघितलं तेव्हा आईला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवलं. मराठीत गेम करायचा असेल तर माझ्या मते एवढं एकच कारण पुरे आहे.

मारामारीचा भाग जमायला सगळ्यात जास्त वेळ गेला. बटण दाबलं की तलवार लगेच फिरायची आणि तरीही घाव बसल्यासारखा वाटायचा नाही. पेडण्याचे आमचे मामा दशावतारात काम करायचे, त्यांना फोनवर दाखवलं तर दोन मिनिटं बघून म्हणाले, “मारचे आदीं मातसो राव, लोकांक दिसपाक जाय.” म्हणजे मारायच्या आधी जरा थांब, लोकांना दिसायला हवं. मग राक्षसाच्या प्रत्येक वाराआधी बारा फ्रेम हात उगारून थांबवला, म्हणजे सेकंदाला 60 फ्रेम धरून सेकंदाचा पाचवा भाग, आणि घाव बसला की तीन फ्रेम सगळंच गोठवलं. तेवढ्याने गेम बदलला! इथे गोडोचा ॲनिमेशनप्लेअर फार कामाला येतो, टाइमलाइनवरच फंक्शन बोलावता येतं, त्यामुळे तलवार कुठल्या फ्रेमला लागायला सुरू होते आणि कुठे संपते ते कोडमध्ये न शोधता हाताने सरकवून ठरवता येतं.

टचचं सांगायचं तर कंट्रोल लॅपटॉपवर माऊसने तपासू नका. भाच्याच्या हातात फोन दिला तेव्हा कळलं की खेळता खेळता त्याचा अंगठा पडद्यावरच्या चालवायच्या स्टिकवरून घसरतो आणि पोरगा जागच्या जागी उभा राहून मार खातो. मग जिथे अंगठा टेकेल तिथेच स्टिक उगवेल असं केलं.

तीन जीबी रॅमच्या फोनवर चालवायचं असेल तर रेंडरर, म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा भाग, कंपॅटिबिलिटी हा घ्या, तो फोनच्या ग्राफिक्सच्या ओपनजीएल ईएस 3 वर चालतो. पहिल्यांदा आग पेटली की गेम क्षणभर अडकायचा, कारण शेडर, म्हणजे आग कशी दिसायची ते ठरवणारा छोटा कोड, फोनवर त्याच वेळी कंपाईल होतो. आम्ही लोडिंगच्या पडद्यामागे सगळ्या ज्वाळा एकेकदा पेटवून घेतल्या, अडकणं गेलं.

नाराजी एकाच बाबतीत आहे, ती म्हणजे बाहेरची प्लगइन, इंजिनला वरून जोडायचे दुसऱ्यांचे तुकडे. एका जाहिरात कंपनीचं प्लगइन घेतलं होतं, इंजिन 4.4 वर नेलं आणि गेम उघडताच बंद पडायला लागला, कंपनीला तीन मेल केले, उत्तर नाही. शेवटी जाहिराती काढूनच टाकल्या, पूर्ण गेम एकदाच विकत घ्यायचा असं ठेवलं, आणि त्याचा मला आनंदच आहे.

रिलीजचं थोडक्यात. प्ले स्टोअरचं खातं एकदाच 25 डॉलर, ॲपलचं दरवर्षी 99, म्हणून आधी अँड्रॉइड. प्ले स्टोअरला गेमची एएबी प्रकारची फाइल लागते, त्यासाठी गोडोच्या अँड्रॉइड एक्सपोर्टमध्ये ग्रेडल बिल्ड हा पर्याय चालू करावा लागतो. प्ले स्टोअरच्या नवीन वैयक्तिक खात्याला गेम तपासून बघणारे किमान 12 टेस्टर सलग 14 दिवस लागतात, आम्ही वाड्यावरच्या भजनी मंडळातल्यांनाच घेतलं आणि रोज आरतीनंतर कोण कुठल्या लेव्हलला अडकलाय ते वहीत लिहून घेतलं. घुमटाचा, म्हणजे आमच्याकडच्या मातीच्या वाद्याचा, आवाज ताशाच्या मागे दबतोय हे त्यांच्यातल्याच एकाने सांगितलं, आम्हाला दोन वर्षांत ऐकूच आलं नव्हतं. कीस्टोअरची फाइल, म्हणजे गेमवर आपली डिजिटल सही करायची किल्ली, आणि पासवर्ड मात्र पेनड्राइव्हवर वेगळे ठेवाच.

पाचपैकी साडेचार. अर्धा प्लगइनसाठी कापला. दिवाळीच्या अपडेटमध्ये घुमट नव्याने रेकॉर्ड करून टाकतोय.