रेडिएशन सुरक्षेचे प्रशिक्षण: थिएटरपर्यंत पोहोचले, मावशींपर्यंत नाही

बेळगावातील आमच्या रुग्णालयात नुकताच बाहेरच्या एका संस्थेने रेडिएशन सुरक्षेचा एक दिवसाचा वर्ग घेतला. मी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे आणि हाडांच्या शस्त्रक्रिया चालू असताना सी-आर्मशेजारी, म्हणजे शस्त्रक्रियेदरम्यान पडद्यावर एक्स-रे चित्र दाखवणाऱ्या फिरत्या यंत्राशेजारी, उभे राहणे हे माझे रोजचे काम आहे. त्यामुळे या वर्गाकडून माझ्या अपेक्षा मोठ्या होत्या. सीमाभागातील ज्या रुग्णालयांना अशी सेवा घ्यायची आहे, त्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

सकाळचे सत्र नियमांचे होते. अणुऊर्जा नियामक मंडळाने ठरवलेल्या मर्यादा, म्हणजे कर्मचाऱ्यासाठी ५ वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) व कोणत्याही एका वर्षात जास्तीत जास्त ३०, आणि सर्वसामान्य माणसासाठी वर्षाला १, हे सारे नीट सांगितले गेले. मात्र हे आकडे केवळ पडद्यावर दाखवून पुढे सरकले. छातीच्या साध्या एक्स-रेत रुग्णाला ०.१ मिलिसिव्हर्टहूनही कमी मात्रा मिळते आणि पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये ती कित्येक मिलिसिव्हर्टपर्यंत जाते, एवढी तुलना दिली असती, तरी हे आकडे सर्वांना उमगले असते.

दुपारचे सत्र मात्र मनापासून आवडले, कारण ते थेट थिएटरमध्ये झाले. सी-आर्मची एक्स-रे नळी टेबलाखाली ठेवावी आणि चित्र घेणारा भाग रुग्णाच्या अंगाजवळ आणावा, म्हणजे विखुरलेली किरणे आपल्या डोक्याकडे व डोळ्यांकडे कमी येतात, हे प्रशिक्षकांनी यंत्र फिरवून दाखवले. आपल्यापर्यंत येणारी बहुतेक किरणे रुग्णाच्या शरीरावरून विखुरलेली असतात आणि अंतर दुप्पट केले की मात्रा साधारण चौथाईवर येते, हे मोजणीच्या उपकरणावर प्रत्यक्ष पाहिल्यावर, एक्स-रे सुरू करणारे पेडल दाबले जाताना एक पाऊल मागे सरकण्याचे मोल मला इतक्या वर्षांत प्रथमच खऱ्या अर्थाने कळले. टीएलडी बॅज, म्हणजे कर्मचाऱ्याला किती मात्रा मिळाली हे मोजणारा बिल्ला, छातीपाशी, शिशाच्या एप्रनच्या आत लावायचा असतो. आमच्यातील निम्म्या जणी तो बाहेर लावत होत्या आणि काहींचा बॅज तर कपाटातच पडून असे. एप्रनची घडी घालायची नसते, तो दांडीवर टांगायचा असतो, नाहीतर आतील शिशाच्या थराला चिरा पडतात व त्या वरून दिसत नाहीत, हेही त्याच दिवशी समजले. आमचे एप्रन रोज घडी घालून स्टुलावर ठेवले जात होते. ते किती दिवसांपासून निकामी असतील, या विचाराने मला अजूनही अस्वस्थ वाटते.

माझी खरी तक्रार निराळी आहे. संपूर्ण वर्ग इंग्रजीत झाला, अधूनमधून कन्नडमध्ये खुलासा केला गेला, आणि मावशी व वॉर्डबॉय यांना तर बोलावलेच नव्हते. वस्तुस्थिती अशी की वॉर्डात पोर्टेबल एक्स-रे काढताना रडणाऱ्या लेकराचे हात धरायला मावशींनाच पुढे केले जाते. आमच्याकडील बहुतेक मावशी खानापूर तालुक्यातील आणि येळ्ळूरसारख्या जवळच्या गावांतील आहेत. त्यांचे सारे बोलणे मराठीत चालते. रोज तेच काम करणाऱ्या कर्मचाऱ्याने रुग्णाला धरू नये, आवश्यकच असेल तर नातेवाइकाला एप्रन देऊन उभे करावे आणि ती बाई असेल तर तिला दिवस गेलेले नाहीत याची आधी खात्री करून घ्यावी, हा नियम ज्यांच्यासाठी सर्वाधिक महत्त्वाचा, त्यांच्याच कानावर तो गेला नाही.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी त्यांना जमेल तसे समजावून सांगितले. एका मावशींनी विचारले, “सिस्टर, मशीन बंद केल्यावर खोलीत ती किरणं राहतात का हो? मी दोन तास त्या खोलीत झाडायला जात नाही.” दिवा विझवला की उजेड उरत नाही, तसेच हेही, असे मी सांगितले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. इतकी वर्षे त्या नको तिथे भीत होत्या आणि मुलाला धरताना, म्हणजे जिथे जपायला हवे तिथे, निर्धास्त होत्या. सोनोग्राफी व एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात, हेही त्यांना कोणी सांगितले नव्हते; एक मावशी तर दिवस गेल्यापासून सोनोग्राफीच्या खोलीत जायचे टाळत होत्या. गरोदर कर्मचारी महिलेने ते वेळेवर कळवले, तर उरलेल्या काळात गर्भाला १ मिलिसिव्हर्टहून अधिक मात्रा मिळणार नाही असे काम तिला द्यावे लागते, ही तरतूद तर तिच्या हक्काची आहे.

थिएटरच्या सत्रासाठी ही सेवा जरूर घ्यावी असे माझे मत आहे. मात्र ठरवतानाच मावशी व वॉर्डबॉय यांच्यासाठी मराठीत आणि कन्नडमध्ये वेगळा अर्धा तास मागून घ्यावा, आणि तो वॉर्डात, पोर्टेबल यंत्राशेजारी उभे राहून व्हावा. आमच्या व्यवस्थापनाकडे मी तशी लेखी मागणी दिली आहे, आणि एप्रनसाठी भिंतीवर दांडी तेवढी बसवून झाली आहे.