काळे खडे, सात नग, सहा हजार दोनशे

दगड गोळा करणारीलाच कुणी दगड विकून फसवलं, हे सांगायची लाज वाटत होती. म्हणून चार महिने गप्प बसले. आता लिहितेय, कारण तो माणूस अजून दर शुक्रवारी रात्री लाइव्ह येतो.

माझा संग्रह पंधरा-सोळा वर्षांचा. बहुतेक ऐवज आपल्याच दख्खनच्या बसाल्टच्या, म्हणजे काळ्या ज्वालामुखी खडकाच्या, पोकळ्यांतला. जळगावकडचं हिरवट अ‍ॅपोफिलाइट, गव्हाच्या पेंढीसारखं मधोमध आवळलेलं स्टिल्बाइट, वाघोलीच्या खाणीतलं नखाएवढं निळंशार कॅव्हन्साइट. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात तीनदा जाऊन आलेय. थोडक्यात, मला यातलं कळतं असा माझा समज होता. पण मला कळतात ते आकार: स्फटिकाच्या कडा, बाजू, अंगावरच्या रेघा. खडा अंड्यासारखा गुळगुळीत घासला की नेमकं तेच निघून जातं, आणि त्यातून तो काळा असेल तर संपलंच.

काळ्या खड्यांची माझ्याकडे वानवा होती. तेवढ्यात इन्स्टाग्रामवर हा लाइव्ह दिसला. साडेसाती, नजर, निगेटिव्ह एनर्जी वगैरे त्याचं चालूच होतं. तिकडे मी लक्ष दिलं नाही. लक्ष गेलं ते त्याच्या हातातल्या काळ्या टूर्मलीनकडे. अंगावर उभ्या बारीक रेघा आणि एका बाजूनं तिरकी गेलेली पांढरी शीर. अस्सल होतं ते, आजही सांगते. ‘ताई, दगड आपण निवडत नाही, दगड आपल्याला निवडतो,’ तो म्हणाला. मी हसले आणि पैसे पाठवले. सात काळ्या खड्यांचा संच, सहा हजार दोनशे, कुरिअर वेगळं.

आठवड्यानं डबा आला. आत कापूस, कापरासारखा वास, सात खडे आणि प्रत्येकाचं चकचकीत प्रमाणपत्र. टूर्मलीनवर पांढरी शीर नव्हती. ‘लॉट तोच आहे ताई, पीस वेगळा,’ असं उत्तर आलं. प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड स्कॅन केला तर त्याचंच पान उघडलं. तपासणी कुणी केली, कुठे केली, काही नाही. ‘नैसर्गिक’ एवढा एक शब्द मात्र सोनेरी.

पहिल्यांदा बिंग फुटलं ते संचातल्या हेमटाइटच्या ब्रेसलेटचं. सासूबाईंनी ते ओट्यावर ठेवलं आणि उचललं तर सोबत दोन टाचण्या उचलल्या गेल्या. मणीही एकमेकांना चिकटत होते. त्या म्हणाल्या, ‘अगं, हे लोहचुंबक आहे.’ खरंच होतं. नैसर्गिक हेमटाइट टाचणी ओढत नाही. ‘मॅग्नेटिक हेमटाइट’ नावानं विकतात ते कारखान्यात बनवलेलं फेराइट, म्हणजे फ्रिजच्या दाराला चिकटवतो त्या चुंबकाचाच भाऊ. खरं हेमटाइट कितीही काळं चकचकीत असो, टाइलच्या मागच्या खरबरीत बाजूवर घासलं की गेरूसारखी तांबडी रेघ उमटते. उमटणारच, गेरूला तो रंग हेमटाइटचाच असतो. सिंधुदुर्गातल्या रेडीच्या आणि गोव्याच्या लोखंडाच्या खाणींतलं खनिज मुख्यतः तेच.

मग मात्र मी सगळेच खडे घेऊन बसले. अडचण एकच होती. त्याची अट अशी की खड्यावर ओरखडा दिसला तर परत घेणार नाही. घासून रेघ काढायची नाही, टोकरून कठीणपणा बघायचा नाही. दगड ओळखायच्या साध्या वाटा त्यानं आधीच बंद केल्या होत्या. पण वजन करायला कोण अडवणार?

घरचा डिजिटल काटा घ्या, दागिन्यांचा असला तर उत्तम. त्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. खडा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काट्यावर येतील तितके ग्रॅम म्हणजे तितके घनसेंटिमीटर त्याचं आकारमान. कोरड्या वजनाला त्यानं भागायचं. माझ्या ‘टूर्मलीन’चं कोरडं वजन ८६.४ ग्रॅम, पाण्यातला आकडा ३०.१. भागाकार २.८७. काळं टूर्मलीन ३.१ ते ३.२ च्या आसपास यायला हवं. तीनदा केलं, दोरा बदलला, तरी आकडा हलेना.

शेजारी भूशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांनी खडा भिंगाखाली धरला, एक बारीक चुंबक दोऱ्याला लटकवून जवळ नेला. चुंबक किंचित झुकला. सर म्हणाले, ‘बसाल्ट दिसतोय. तुमच्या जिन्याच्या पायऱ्यांना विचारा.’ म्हणजे ज्या खडकाच्या पोकळ्यांतून मी इतकी वर्षं स्फटिक वेचले, तोच खडक मला पॉलिश करून विकला होता.

ऑब्सिडियनपुढे काटा हरला, कारण ती ज्वालामुखीची काच आणि कारखान्याची काच वजनाला जवळजवळ सारखी. तिथे मोबाइलचा टॉर्च कामी आला. माझ्या खड्याची कड जांभळी उजळली, आत दोन गोल गरगरीत बुडबुडे. ऑब्सिडियनची पातळ कड धुरकट तपकिरी दिसते. शुंगाइट रशियातल्या करेलियाचा, कार्बनचा दगड, त्यातून वीज जाते. माझ्या खड्याला मल्टिमीटर लावला, वीज गेली की तो वाजतो; कुठूनही आवाज नाही. ओनिक्सबद्दल मात्र तक्रार करणार नाही. बाजारातला काळा ओनिक्स बहुतेक रंगवलेला अकीकच (अ‍ॅगेट) असतो. साखरेच्या पाकात मुरवून मग गंधकाच्या आम्लात टाकतात, आतली साखर कोळसा होते आणि दगड काळाभोर. जुनी रीत आहे, सांगून विकलं तर फसवणूक नाही. यानं ‘नैसर्गिक’ छापलं होतं, तेवढंच. उरलेले दोन तपासायचा उत्साहच राहिला नाही.

सगळ्याचा व्हिडिओ काढून त्याला पाठवला. आधी ‘ताई, तुमची एनर्जी ब्लॉक आहे’, मग ‘ओले केलेले खडे परत घेत नाही’. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक त्याला धाडला, तेव्हा दोन हजार परत आले. लगेच मी ब्लॉक.

परवा भाचीच्या फोनवरून त्याचा लाइव्ह पाहिला. संच आता ‘अमावस्या स्पेशल’ झालाय. त्यानं टूर्मलीन कॅमेऱ्याजवळ आणलं, सावकाश फिरवलं. उभ्या रेघा, आणि एका बाजूनं तिरकी गेलेली पांढरी शीर.