साबण-पाणी की हँडरब?

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्यामुळे दवाखान्यात हात धुण्याचा विषय निघाला की मला आधी टाकी आठवते.

दवाखान्यातला संसर्ग पसरवणारं मोठं वाहन म्हणजे आपले हातच. १८४७ मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने इतर डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले.

हँडरब म्हणजे हातांवर चोळायचं अल्कोहोलचं द्रावण. ते २० ते ३० सेकंदांत काम उरकतं. बाटली खाटेपाशीच टांगता येते, पाणी नको, टॉवेल नको. साबणाला ४० ते ६० सेकंद लागतात, वर बेसिनपर्यंतची पायपीट वेगळीच. भरलेल्या वॉर्डात एकट्या सिस्टरला ती दर रुग्णामागे कशी जमणार? जागतिक आरोग्य संघटनाही एरवी हँडरबलाच पसंती देते. माझंही मत तेच.

पण हात रक्ताने किंवा विष्ठेने माखले असतील तर साबणच हवा. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जुलाब घडवणाऱ्या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातली सुप्त रूपं, अल्कोहोलला दाद देत नाहीत. साबणानेही ते मरत नाहीत, पण चोळल्यावर पाण्याबरोबर वाहून जातात. (हातमोजे घातले म्हणून यातून सुटका नाही, ते काढल्यावरही हात स्वच्छ करावेच लागतात.)

भाकरी-शेंगाचटणीचा डबा घेऊन येणाऱ्या नातेवाइकांनी रुग्णाला भरवण्याआधी साबण लावावा. नळ कोरडा असेल तर दुसऱ्याने तांब्याने वरून पाणी ओतावं, बादलीत हात बुडवू नयेत. आणि धुतलेले हात पदराला पुसू नका.